लेखाशास्त्रातील चालू प्रश्नांवर गटाने सेमिनार द्यायचा आहे: विषय कसा निवडावा, काम कसे वाटावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात पाच जणांच्या गटाला ‘लेखाशास्त्रातील चालू प्रश्न’ या शीर्षकाखाली चाळीस मिनिटांचा सेमिनार द्यायचा आहे आणि हाताशी तीन आठवडे आहेत. प्रत्येकाने एकेक उपविषय घ्यावा, म्हणजे एकाने इंड एएस (आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळवलेली भारतीय लेखामानके), दुसऱ्याने जीएसटी, तिसऱ्याने ब्लॉकचेन, चौथ्याने ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार यांविषयीचे अहवाल) आणि पाचव्याने फॉरेन्सिक अकाउंटिंग (हिशेबातील फसवणुकीचा तपास), असे गटाने ठरवले आहे. ही वाटणी योग्य आहे का आणि यांपैकी कोणता विषय अधिक गुण मिळवून देईल, असे तुम्ही विचारले आहे. मी लेखापरीक्षणाचा व्यवसाय करतो आणि त्याबरोबर बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवत आलो आहे. असे सेमिनार मी ऐकतो आणि त्यांना गुणही देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

तुमची खरी अडचण विषयाच्या नावाची नाही. चाळीस मिनिटांत पाच विषय म्हणजे एका विषयाला आठ मिनिटे, आणि आठ मिनिटांत कोणीही अर्थ, व्याप्ती, फायदे आणि मर्यादा यांच्या पुढे जाऊ शकत नाही. ते सारे पाठ्यपुस्तकात असतेच, म्हणून ऐकणाऱ्या वर्गाला नवे काही मिळत नाही आणि गुण देणाऱ्या प्राध्यापकांना तुमच्या गटाचा स्वतःचा विचार कुठेच सापडत नाही. शिवाय तुम्ही निवडलेल्या पाच नावांपैकी एकही, आज ज्या रूपात आहे त्या रूपात, ‘प्रश्न’ नाही. जीएसटी हा कायदा आहे, ब्लॉकचेन हे तंत्र आहे आणि इंड एएस हा अनेक मानकांचा संच आहे. चालू प्रश्न तोच, ज्यात सारखीच माहिती हाती असलेली दोन जाणकार माणसे वेगवेगळी नोंद सुचवतात, किंवा ज्यावर नियम करणाऱ्या संस्थांनीच आपले मत बदललेले आहे वा बदलावे की नाही यावर त्यांचे एकमत होत नाही.

मी विद्यार्थ्यांना नेहमी एकच कसोटी सांगतो. तुमचा विषय अखेरीस एखाद्या नोंदीपर्यंत पोहोचला पाहिजे: कोणते खाते नावे, कोणते जमा, किती रकमेने आणि कोणत्या वर्षात. एका बाजूचे म्हणणे मान्य केले तर ताळेबंदातील किंवा लेखापरीक्षण अहवालातील कोणती ओळ बदलेल, हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. ते दाखवता येत नसेल, तर विषय अजून लेखाशास्त्राचा झालेला नाही, तो सामान्य ज्ञानाचा आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गुण गटाला एकत्र मिळणार की प्रत्येकाला स्वतंत्र, प्राध्यापकांनी पाच उपविषय घ्या असे स्वतः सांगितले आहे की तो तुमचा अंदाज आहे, आणि ऐकणाऱ्या वर्गाने इंड एएस मुळातून शिकलेले आहे की फक्त जुनी एएस मानके, हे आधी विचारून घ्या. गुण स्वतंत्र असतील तर प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसेल अशी रचना करावी लागते. ती एका प्रश्नातही करता येते आणि कशी ते पुढे सांगतो. प्राध्यापकांचा पाच विषयांचाच आग्रह असेल, तर तो मोडण्याचा सल्ला मी देणार नाही. पण मग पाचही जणांनी एकाच कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा आणि आपापला उपविषय त्या अहवालातूनच मांडावा, म्हणजे निदान धागा एक राहील.

तुमच्या जागी मी असतो तर गुडविलचा प्रश्न निवडला असता. दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जी जास्त रक्कम मोजली, ती दरवर्षी थोडी थोडी खर्ची टाकावी की ताळेबंदात तशीच ठेवून फक्त इम्पेअरमेंटची, म्हणजे तिचे मूल्य घटले आहे का याची, चाचणी घ्यावी, हा तो प्रश्न. वर्गातील प्रत्येकाला गुडविल बारावीपासून माहीत असते, त्यामुळे प्रस्तावनेत वेळ जात नाही. भारतात आज या प्रश्नाची दोन उत्तरे एकाच वेळी लागू आहेत. जुन्या मानकांवर चालणाऱ्या कंपनीने खरेदीच्या स्वरूपाचे एकत्रीकरण केले, तर एएस १४ नुसार गुडविल साधारण पाच वर्षांत खर्ची टाकायचे असते, आणि त्याहून जास्त मुदत घ्यायची तर तिचे समर्थन द्यावे लागते. इंड एएस लागू असलेल्या कंपनीला इंड एएस १०३ प्रमाणे गुडविल खर्ची टाकताच येत नाही. तिने इंड एएस ३६ नुसार दरवर्षी चाचणी घ्यायची, घट आढळली तर ती नफा-तोटा पत्रकात न्यायची, आणि एकदा दाखवलेली गुडविलची घट पुन्हा भरून काढायची नाही. म्हणजे चाकणच्या औद्योगिक वसाहतीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन कंपन्यांनी सारख्याच किमतीला सारखाच धंदा स्वतःत विलीन करून घेतला, पण एक शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि दुसरी २५० कोटींपेक्षा कमी नक्त मूल्याची खासगी कंपनी आहे, तर पुढची पाच वर्षे त्यांचे नफे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत. एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले तरी सेमिनारला सुरुवात झाली.

याचा इतिहासही वर्गाला सांगण्याजोगा आहे, पण तो दोन-तीन मिनिटांत आटपा. अमेरिकेत पूर्वी गुडविल कमाल चाळीस वर्षांत खर्ची टाकण्याची मुभा होती, आंतरराष्ट्रीय मानकात वीस वर्षांचे गृहीतक होते. अमेरिकेने २००१ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने २००४ मध्ये ही पद्धत सोडून फक्त चाचणीची पद्धत स्वीकारली. पुढे अनुभव असा आला की चाचणीतून निघणारा तोटा फार कमी आणि फार उशिरा दिसतो, म्हणून मंडळाने मार्च २०२० मध्ये चर्चापत्र काढून हा विषय पुन्हा उघडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंडळाने चाचणीचीच पद्धत कायम ठेवण्याचे ठरवले आणि मार्च २०२४ च्या मसुद्यात भर दिला तो खरेदीनंतर अपेक्षित यश मिळाले की नाही हे कंपनीने सांगावे यावर. अमेरिकेच्या मंडळाने तर आपला प्रकल्पच जून २०२२ मध्ये थांबवला. दुसरीकडे जपानच्या देशी मानकांत गुडविल आजही वीस वर्षांच्या आत खर्ची टाकतात, आणि ब्रिटनमधील ज्या कंपन्या तिथल्या देशी मानकावर चालतात त्यांनाही ते खर्ची टाकावे लागते. जाणकारांत एवढा मतभेद असलेला विषय हाती असताना ‘ब्लॉकचेनचे फायदे’ कशाला घ्यायचे, असे मला मनापासून वाटते.

आता आकड्यांकडे येतो, कारण सेमिनारचा जीव तिथे आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरचा वार्षिक अहवाल घ्या. या कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर, म्हणजे हॉर्लिक्स आणि बूस्ट बनवणारी कंपनी, स्वतःत विलीन करून घेण्याचे जाहीर केले. मोबदला रोख नव्हता. त्या कंपनीच्या एका शेअरमागे हिंदुस्तान युनिलिव्हरचे ४.३९ शेअर द्यायचे होते, आणि जाहीर झाला त्या दिवशी व्यवहाराची किंमत सुमारे ३१,७०० कोटी रुपये होती. विलीनीकरण प्रत्यक्षात आले १ एप्रिल २०२० रोजी. इंड एएस १०३ सांगते की मोबदला म्हणून दिलेल्या शेअरची किंमत संपादनाच्या दिवशीची धरायची. मधल्या काळात हिंदुस्तान युनिलिव्हरच्या शेअरचा भाव चढला होता, त्यामुळे गुणोत्तर तेच, शेअरची संख्या तीच, घेतलेला धंदा तोच, पण पुस्तकात मोबदल्याचा आकडा ४० हजार कोटींच्या वर गेला. ब्रँड आणि इतर मालमत्ता त्यांच्या स्वतंत्र मूल्याने नोंदवल्या जातात, म्हणून ही वाढ जाऊन बसते ती उरलेल्या रकमेत, म्हणजे गुडविलमध्ये. कंपनीच्या ताळेबंदात गुडविलची रक्कम १७ हजार कोटींहून अधिक दिसते, ती प्रामुख्याने या व्यवहाराची.

इथे वर्गाला थांबवून विचारा: या गुडविलमधला किती भाग हॉर्लिक्सच्या भावी कमाईचा आणि किती भाग खरेदीदाराच्याच शेअरच्या भाववाढीचा? या प्रश्नाचे पक्के उत्तर कोणाकडेही नाही, आणि म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे. जी रक्कम ठरण्यात योगायोगाचा एवढा वाटा आहे, ती कायम ताळेबंदात ठेवावी का, असा मुद्दा खर्ची टाकण्याच्या बाजूचे लोक मांडतील. चाचणीच्या बाजूचे म्हणतील की आकडा कसाही ठरला असो, त्या धंद्यातून आजही तेवढी रोकड येण्याची अपेक्षा असेल, तर ती रक्कम पाच किंवा दहा वर्षांत शून्यावर आणणे हे खोटे चित्र होय.

यानंतर गटातील एकाने साधा हिशेब मांडावा. गुडविल १७ हजार कोटी धरले तर दहा वर्षांच्या मुदतीने वर्षाला १,७०० कोटी, पाच वर्षांच्या मुदतीने ३,४०० कोटी आणि वीस वर्षांच्या मुदतीने ८५० कोटी खर्च येतो. कंपनीचा २०२३-२४ चा करोत्तर नफा १० हजार कोटींच्या थोडा वर होता. म्हणजे दहा वर्षांची मुदत धरली तर नफ्याचा सुमारे सहावा हिस्सा जातो आणि पाच वर्षांची धरली तर जवळजवळ तिसरा हिस्सा. या खर्चावर प्राप्तिकरात सवलत मिळणार नाही, कारण गुडविलवरील घसारा वित्त कायदा २०२१ ने नाकारला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो मान्य केला होता आणि कायद्याने तो पुढे बंद केला, हेही जाता जाता सांगता येईल. एकूण पूर्ण रक्कम करोत्तर नफ्यातून वजा होते, रोकडीत एका रुपयाचाही फरक पडत नाही, पण प्रतिशेअर कमाई आणि भांडवलावरील परतावा दोन्ही बदलतात. हा तक्ता एका कागदावर छापून वर्गात वाटा. पडद्यावरचा तक्ता पुढच्या स्लाइडबरोबर निघून जातो, तर हातातल्या कागदावर लोक स्वतः आकडेमोड करून पाहतात आणि मग प्रश्न विचारतात.

चाचणीच्या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र तक्त्याने कळत नाही, त्यासाठी छोटे उदाहरण घ्यावे लागते. समजा एका कंपनीच्या जुन्या विभागाची पुस्तकी किंमत १,००० कोटी आहे, पण त्यातून येऊ शकणाऱ्या रकमेचे आजचे मूल्य ५,००० कोटी आहे. जुन्या विभागाने स्वतः कमावलेले गुडविल पुस्तकात कधीच येत नाही, म्हणून ४,००० कोटींची ही तफावत कुठे दिसत नाही. आता कंपनीने ३,००० कोटींना दुसरा धंदा घेतला आणि तो याच विभागात मिसळला. पुढे कळले की त्या धंद्याचे मूल्य फक्त २,००० कोटी आहे, म्हणजे १,००० कोटी जास्त मोजले गेले. चाचणी घेताना मात्र एकत्रित विभाग पाहायचा असतो: पुस्तकी किंमत ४,००० कोटी, वसूल होऊ शकणारे मूल्य ७,००० कोटी. तोटा शून्य. जुन्या विभागाच्या न नोंदलेल्या गुडविलने नव्या खरेदीचा तोटा झाकून टाकला. मी हे उदाहरण फळ्यावर सोडवतो तेव्हा मागच्या बाकावरचे विद्यार्थीसुद्धा वही उघडतात, कारण नियम तंतोतंत पाळूनही तोटा दिसत नाही हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडते.

प्रत्यक्षातली बाजू दाखवायला टाटा स्टीलचे उदाहरण पुरेसे आहे. कंपनीने कोरस ही युरोपीय पोलाद कंपनी २००७ मध्ये घेतली, पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली, आणि सुमारे १.६ अब्ज डॉलरची मुख्यतः युरोपशी संबंधित घट कंपनीने जाहीर केली ती मे २०१३ मध्ये. याचा अर्थ कंपनीने काही लपवले असा मुळीच नाही, आणि सेमिनारमध्ये तसे सुचवूही नका. भविष्यातील रोकडीच्या अंदाजावर उभी असलेली चाचणी स्वभावतःच सावकाश चालते, एवढेच त्यातून म्हणता येते. अंदाज कसा बांधला हे वाचकाला कळावे म्हणून इंड एएस ३६ कंपनीला काही माहिती द्यायला लावते. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये गुडविल कोणत्या रोकड-निर्मिती गटाला (स्वतंत्रपणे रोकड मिळवणाऱ्या मालमत्तांच्या गटाला) नेमून दिले, सूट दर, म्हणजे भावी रोकड आजच्या मूल्यात आणण्याचा दर, किती घेतला आणि अंदाजाच्या काळानंतर वाढीचा दर किती धरला, ते शोधा. सूट दर एका टक्क्याने वाढवला तर काय होईल, हे एक्सेलमध्ये करून पाहणे हे पाचांपैकी एकाचे पूर्ण काम होऊ शकते.

कदाचित तुमच्या गटाला मोठ्या कंपन्यांचा विषय परका वाटेल, किंवा तुमच्यापैकी दोघे-तिघे एखाद्या सीएच्या कार्यालयात काम करत असतील. तसे असेल तर दुसरा विषय सुचवतो, आणि तो मला पहिल्याइतकाच आवडतो: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला ऑडिट ट्रेल. कंपनी लेखा नियम २०१४ मधील नियम ३ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक कंपनीने असेच सॉफ्टवेअर वापरायचे, ज्यात प्रत्येक व्यवहाराची आणि त्यात नंतर केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. दुरुस्ती मार्च २०२१ मध्ये आली, दोनदा पुढे ढकलली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कंपनी लहान खासगी असली तरी सुटका नाही. मालकी हक्काचा धंदा, भागीदारी आणि एलएलपी मात्र यात येत नाहीत. लेखापरीक्षकाला कंपनी (लेखापरीक्षण आणि लेखापरीक्षक) नियम २०१४ मधील नियम ११ च्या खंड (छ) खाली, म्हणजे आपण सारे ज्याला ‘अकरा जी’ म्हणतो त्याखाली, स्पष्ट सांगावे लागते की ही सोय वर्षभर सर्व व्यवहारांसाठी चालू होती का, तिच्यात कोणी ढवळाढवळ केली का आणि नोंदी जपून ठेवल्या आहेत का.

हे कागदावर सरळ दिसते, पण संगणकासमोर बसले की अडचणी उभ्या राहतात. टॅलीच्या एडिट लॉगमध्ये एखादे व्हाउचर उघडले की त्याच्या आवृत्त्या दिसतात: ३१ मार्चच्या तारखेचे खरेदीचे व्हाउचर मुळात कोणत्या लॉगिनने भरले, जूनमध्ये त्याची रक्कम कोणी बदलली, आधी काय होती आणि नंतर काय झाली. लेखापरीक्षकाला हे सोन्यासारखे आहे. पण चार जण एकच लॉगिन वापरत असतील, तर ‘कोणी बदलली’ या रकान्याला काही अर्थ उरत नाही, आणि लहान कार्यालयांत असे सर्रास चालते. मोठ्या कंपन्यांची अडचण वेगळी. तिथे सॉफ्टवेअरच्या पडद्यावरून केलेला बदल नोंदला जातो, पण ज्याला थेट डेटाबेसमध्ये शिरण्याचा अधिकार आहे त्याने तिथे केलेला बदल नोंदला जातोच असे नाही. २०२३-२४ च्या कितीतरी नोंदणीकृत, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालांत नेमका हाच अपवाद लिहिलेला आहे. पगाराचे काम बाहेरच्या संस्थेच्या क्लाउड सॉफ्टवेअरवर होत असेल, तर तिथल्या नोंदीबद्दल लेखापरीक्षक कशाच्या आधारावर बोलणार, हा आणखी एक प्रश्न. कायदा सर्व कंपन्यांवर सारखाच, पण त्याचा भार आणि त्याचा उपयोग मात्र सारखा नाही, यावर दोन बाजू उत्तम मांडता येतात.

या विषयात गटाला स्वतःची माहिती गोळा करता येते, हे त्याचे मोठे बळ आहे. वीस नोंदणीकृत कंपन्यांचे २०२३-२४ आणि २०२४-२५ चे वार्षिक अहवाल बीएसईच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतात. प्रत्येकातला ‘अकरा जी’चा परिच्छेद काढून घ्या, अपवाद आहे की नाही आणि असल्यास कोणत्या प्रकारचा, असा तक्ता करा, आणि दुसऱ्या वर्षी तो अपवाद गेला की राहिला ते पाहा. पाच जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार कंपन्या येतात. जोडीला तुमच्या गावातल्या दोन-तीन सीएंना भेटून लहान कंपन्यांचा अनुभव विचारा, पण कोणत्याही पक्षकाराचे नाव विचारू नका आणि कोणी बोलता बोलता सांगितले तरी सेमिनारमध्ये आणू नका. कार्यालयात काम करणाऱ्यांनी तर ही काळजी दुप्पट घ्यावी. पक्षकाराचा पडदा मोबाइलवर टिपून स्लाइडमध्ये लावणे हा विश्वासघात आहे, मग नाव झाकलेले असले तरी. दाखवायचेच असेल तर टॅलीच्या शैक्षणिक आवृत्तीत काल्पनिक कंपनी उघडा, चार व्हाउचर भरा, एक बदला आणि लॉग दाखवा.

बाकीच्या विषयांबद्दल थोडक्यात. शाश्वततेचे अहवाल हा खरा चालू प्रश्न आहे, कारण सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केला आहे. पण विषय फार पसरट आहे, तेव्हा घ्यायचाच तर एकच निर्देशक घ्या, उदाहरणार्थ पाण्याचा वापर, आणि त्या आकड्याची खात्री कोणी आणि कशी द्यावी एवढेच मांडा. समूहाच्या लेखापरीक्षकाने उपकंपन्यांच्या लेखापरीक्षकांच्या कामावर किती विसंबावे, हा एसए ६०० या लेखापरीक्षण मानकाचा वाद तर अगदी ताजा आहे. २०२४ च्या अखेरीस एनएफआरएने, म्हणजे लेखापरीक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, मानकात बदल सुचवला आणि सनदी लेखापालांच्या संस्थेने (आयसीएआय) त्याला विरोध केला, कारण लहान लेखापरीक्षण संस्थांची कामे जातील अशी भीती होती. लेखापरीक्षण हा तुमचा विशेष विषय असेल तर हा जरूर घ्या. आभासी चलनाची नोंद हा विषय आकर्षक असला, तरी भारतीय कंपन्यांच्या ताळेबंदांत अशा रकमा क्वचितच सापडतात, म्हणून सेमिनार लवकरच बोलघेवडा होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलही मला तीच शंका वाटते. एखादे नेमके काम, जसे बँक खात्याचा मेळ घालणे, समोर ठेवून कोण जबाबदार हे विचारणार असाल तर घ्या, नाहीतर सोडा.

आता कामाची वाटणी. पहिल्या आठवड्यात कामच वाटू नका. पाचही जणांनी तेच मूळ कागद वाचावेत: मानकाचे संबंधित परिच्छेद, जे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या आणि आयसीएआयच्या संकेतस्थळांवर मोफत आहेत, आणि निवडलेल्या वार्षिक अहवालाच्या टिपा. गट फसतात ते इथेच. प्रत्येकजण आपला तुकडा घेऊन घरी जातो, शेवटच्या रात्री पाच फाइली एकत्र जोडल्या जातात, एकीत गुडविल खर्ची टाकतात असे असते आणि दुसरीत टाकत नाहीत असे असते, आणि हे वर्गात कोणीतरी विचारेपर्यंत गटाच्या लक्षात आलेले नसते.

दुसऱ्या आठवड्यापासून भूमिका वाटा, प्रकरणे नव्हे. एकाने नियम काय सांगतो ते मांडावे, पंचवीस वर्षांत तो कसा बदलला यासह. एकाने कंपनीचा अहवाल आणि आकडे सांभाळावेत. एकाने खर्ची टाकण्याची बाजू लढवावी, एकाने चाचणीची. पाचव्याने सुरुवातीला प्रश्न मांडावा, शेवटी गटाचा निष्कर्ष सांगावा आणि चर्चा चालवावी. यात प्रत्येकाचे काम वेगळे दिसते, त्यामुळे स्वतंत्र गुण असले तरी अडचण येत नाही, आणि तरीही कोणाला दुसऱ्याचे माहीत नाही असे होत नाही. दोन बाजू घेणाऱ्यांनी तालमीत एकदा भूमिका अदलाबदल करून बोलावे, असा माझा आग्रह असतो. ज्याला विरुद्ध बाजू ताकदीने मांडता येते त्याचीच स्वतःची बाजू वर्गात टिकते. गटात कोणी काम करत नसेल, तर ते पहिल्या आठवड्याच्या वाचनातच उघड होते. त्याच वेळी त्याच्याशी मोकळेपणाने बोला आणि गरज पडल्यास प्राध्यापकांना सांगा. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी केलेल्या तक्रारीवर प्राध्यापकांना काहीच करता येत नाही.

वेळेची आखणी करताना बोलण्याला अठ्ठावीस ते तीस मिनिटे आणि चर्चेला उरलेली दहा ठेवा. त्यातला मोठा वाटा, साधारण बारा मिनिटे, आकड्यांच्या उदाहरणाला द्या आणि इतिहास व व्याख्या कापा. स्लाइडवर मानकाचे उतारे चिकटवून ते वाचून दाखवू नका. ज्या वाक्यावर वाद आहे तेवढेच एक वाक्य पडद्यावर ठेवा. सादरीकरणाच्या आठवड्यात मंत्रालयाचे आणि सेबीचे संकेतस्थळ पुन्हा एकदा पाहा, कारण चालू विषयात तीन आठवड्यांतही अधिसूचना येऊ शकते, आणि ती प्राध्यापकांना माहीत असून तुम्हाला नसणे फार महागात पडते.

शेवटी चर्चेच्या दहा मिनिटांविषयी. ‘मग तुमचे मत काय?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक गट ‘दोन्ही पद्धतींचे फायदे-तोटे आहेत’ असे म्हणून सुटका करून घेतात. असे करू नका. गटाने आधीच बसून मत ठरवावे, ते कोणत्या अटींवर ठरवले ते सांगावे, आणि पाचांपैकी कोणाचे मत वेगळे असेल तर तेही त्याच्याच तोंडून वर्गाला ऐकू द्यावे. माझे मत विचाराल तर मी गुडविल ठरावीक मुदतीत खर्ची टाकण्याच्या बाजूचा आहे, कारण लहान आणि मध्यम कंपन्यांत सूट दराचा अंदाज कसा बांधला जातो ते मी जवळून पाहतो आणि त्या अंदाजावर एवढी मोठी रक्कम उभी ठेवणे मला पटत नाही. माझेच एक सहकारी, जे मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांचे काम करतात, ते नेमके उलट मत मांडतात आणि त्यांची कारणेही भक्कम आहेत. उत्तर येत नसेल अशा प्रश्नावर वार्षिक अहवालाची संबंधित टीप उघडून वर्गासमोरच वाचा. त्यासाठी अहवालाची छापील पाने, खुणा करून, टेबलावर तयार ठेवा.